समोरचीचं पाऊल मागे जातं तेव्हा

दिवाळी सरली की गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते. दिवसा दंडार हे लोकनाट्य आणि दुकानं, रात्री झाडीपट्टीचं नाटक, घरोघरी पाव्हणे. वडीलधारी माणसं या गर्दीत सोयरिकीचं बोलणं काढतात आणि टुरे-टुरी, म्हणजे तरुण मुलं-मुली, एकमेकांना बघून घेतात. नजर भेटणं, फिरून फिरून त्याच दुकानापाशी येणं, मैत्रिणीशी बोलता बोलता तिसऱ्याच कुणाला ऐकवणं हे माणसं पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. त्यात वाईट काहीच नाही. ‘कुणाकडे बघूच नका’ असा उपदेश तरुण मुलांना करणं मला निरुपयोगी वाटतं. तो कुणी ऐकत नाही, आणि जे खरोखर शिकवायला हवं ते त्या उपदेशापायी राहून जातं.

शिकवायला हवं ते एवढंच, की समोरच्या माणसाला या सगळ्यातून केव्हाही, काहीही किंमत न मोजता बाहेर पडता येतंय का हे बघत राहायचं. दोघी फुगडी खेळतात तेव्हा एकीने हात सैल केला की दुसरी थांबते. सैल झालेला हात कुणी आवळून धरला तर तिथे खेळ संपलेला असतो, मग धरणारा कितीही हसत असो.

आता यात चुका कुठे होतात ते बघू. आवड दाखवण्याची भाषा मुळातच अर्धवट झाकलेली असते, आणि ती तशी असण्याला कारण आहे. सरळ विचारलं आणि नकार आला तर मान खाली जाते. नुसतं हसून बघितलं असेल तर ‘मी तर सहजच हसलो’ म्हणून मागे फिरता येतं. मुलीला या आडोशाची गरज जास्त असते, कारण अख्खं गाव एकमेकांना ओळखत असतं आणि एका वावडीवर तिचं कॉलेज बंद होऊ शकतं. म्हणून इशारे मोघम राहतात, आणि मोघम इशारा चुकीचा वाचला जातो. अमेरिकेतल्या मोनिका मूर यांनी १९८५ साली स्त्रियांच्या अशा हालचालींचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी ५२ प्रकार नोंदवले: चोरटी नजर, मान किंचित कलती करणं, केसांवरून हात फिरवणं, हसणं. यादी नीट वाचली की लक्षात येतं, यातली बहुतेक कामं बाई उकाड्यात बसची वाट बघतानाही करते. केस सारखे करणारी प्रत्येक मुलगी तुम्हाला बोलावत नसते.

त्याआधी १९८२ मध्ये अँटोनिया अ‍ॅबी यांनी एक साधा प्रयोग केला होता. एक तरुण आणि एक तरुणी पाच मिनिटं गप्पा मारतात, आणि दुसरे एक तरुण-तरुणी त्या लपून पाहतात. बोलणाऱ्या मुलीचा मोकळेपणा पाहणाऱ्या मुलींना मोकळेपणाच वाटला. मुलांना, बोलणाऱ्याला आणि पाहणाऱ्यालाही, त्यात आकर्षण जास्त दिसलं. पुढे मार्टी हॅझेलटन आणि डेव्हिड बस यांनी २००० साली याचं एक स्पष्टीकरण मांडलं: पुरुषाचं मन संधी हुकण्याच्या भीतीने ‘तिला मी आवडतो’ याच बाजूला चुकत राहतं. हे स्पष्टीकरण सगळ्यांना मान्य आहे असं नाही. पण त्यातून निघणारा व्यवहारातला सल्ला पक्का आहे. मुलग्यांनो, तुमच्या मनाचा काटा एका बाजूला झुकलेला आहे हे गृहीत धरा, आणि ‘तिच्या मनात आहे’ असं पहिल्यांदा वाटेल तेव्हा त्यातून थोडं वजा करा.

कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांच्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट पुढे आणली. समोरचा खरोखर आवड दाखवत होता, तेव्हा ते ओळखणारे पुरुष साधारण ३६ टक्के निघाले आणि स्त्रिया १८ टक्के. पण समोरचा आवड दाखवत नव्हता, तेव्हा ते मात्र ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी बरोबर ओळखलं. होकार वाचण्यात आपण कच्चे आहोत; काही नाही हे वाचण्यात बरेच पक्के.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण ‘गैरसमज झाला’ ही सबब पोलीस ठाण्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळीकडे ऐकू येते. ‘तिने नाही म्हटलंच नाही.’ आपण रोजच्या जगण्यात नाही कसं म्हणतो ते आठवा. शेजाऱ्याने लग्नाला बोलावलं आणि जायचं नसलं तर ‘येणार नाही’ असं कोण म्हणतं? ‘बघू ना’, ‘रोवणीचे दिवस आहेत जी’, ‘घरी विचारून सांगते’, आणि त्याआधी एक लहानसा थांबा. शेजाऱ्याला तेवढ्यात कळतं. तो पुन्हा विचारत नाही. सीलिया किट्झिंगर आणि हॅना फ्रिथ या ब्रिटिश संशोधकांनी १९९९ मध्ये नेमकं हेच दाखवलं: माणसं नकार अडखळून, कारण देऊन, गोडीत देतात, आणि ऐकणारे तो बिनचूक समजतात. मग तरुणीने तसाच नकार दिला की तो अचानक अस्पष्ट कसा होतो? २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑस्ट्रेलियातल्या तरुणांना यावर बोलतं केलं, तेव्हा मुलगी ‘नाही’ हा शब्द न उच्चारता नाही म्हणते ते आपल्याला कसं कळतं, हे त्यांनी स्वतःच बारकाव्यांनिशी सांगितलं. कळत असतं. हसणं चुकीचं वाचलं जाऊ शकतं, तो काही क्षणांचा मामला असतो. तिचं पाऊल मागे गेल्यावरही तुम्ही पुढे सरकलात तर तो तुमचा निर्णय असतो, आणि त्याची जबाबदारी तिच्या हसण्यावर टाकता येत नाही.

तेव्हा मुलग्यांनी करायचं काय? बोलायला जाताना जागा बघा. सुनसान रस्ता, अंधारा बसथांबा, क्लासचा जिना या जागा नकोत. तिथे ती हसली तरी भीतीने हसलेली असू शकते. तिच्या निघून जाण्याच्या वाटेत उभं राहू नका. सोबत चार दोस्त नेऊ नका. चौघांपुढे आलेला नकार तुम्हाला अपमान वाटेल आणि चौघांना बघून तिला धाक वाटेल. बोलायचं ते साधं बोला आणि त्यात ‘नाही’ म्हणायला जागा ठेवा: ‘मला तुझ्याशी बोलायला आवडतं. तुला नको असेल तर सांग, मी पुन्हा विषय काढणार नाही.’ आणि मग खरंच काढू नका. उत्तर आखूड येऊ लागलं, ती फोनमध्ये बघू लागली, मैत्रिणीला जवळ ओढलं, रोजची बस बदलली, तर उत्तर मिळालं. व्हॉट्सअ‍ॅपवर एकदा लिहिलं, उत्तर नाही आलं, तर दुसरं, तिसरं, दहावं लिहू नका. नवीन नंबरवरून तर नाहीच. ‘काहून बोलत नाहीस?’ असा जाब विचारायचा हक्क तुम्हाला कुणी दिलेला नाही. सिनेमाने दोन पिढ्यांना शिकवलं, की मुलगी भाव खाते आणि चिकाटी धरली की पटते. त्या पटकथेत मुलीचे संवादही नायकाच्या सोयीने लिहिलेले असतात.

ती स्पष्ट का बोलत नाही, हेही समजून घ्या. व्हेनेसा बॉन्स आणि लॉरेन डेव्हिन्सेंट यांच्या २०१९ च्या अभ्यासात दिसलं, की विचारणाऱ्याला वाटतं त्यापेक्षा नकार देणं समोरच्याला पुष्कळ जड जातं. आपल्याकडे तर त्यात जिवाची भीती मिसळते. उल्हासनगरला १९९० मध्ये दहावीच्या परीक्षा केंद्रात एका मुलीला नकाराबद्दल पेटवून मारलं गेलं. त्यानंतर तीस वर्षांनी, ३ फेब्रुवारी २०२० ला, आपल्या विदर्भातल्या हिंगणघाटला कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेवर तिच्याच गावच्या, तिच्या मागे लागलेल्या माणसाने पेट्रोल टाकलं. १० फेब्रुवारीला ती गेली. दोन वर्षांनी न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. या बातम्या प्रत्येक मुलीने वाचलेल्या आहेत. ती गोड बोलून सुटका करून घेते ती त्या माहितीतून, आणि तुम्हाला वाटतं ती लाजते आहे.

कायदाही इथे स्पष्ट आहे. स्त्रीने अनिच्छा दाखवल्यावरही तिच्या मागे जाणं, वारंवार संपर्काचा प्रयत्न करणं, तिचं इंटरनेट-फोनवरचं वागणं टेहळणं हा पाठलागाचा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ त्यासाठी पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा सांगतं. नको असताना अंगाशी जाणं, शरीरसुख मागणं, अश्लील शेरे मारणं हे कलम ७५ मध्ये येतं.

संमतीचा कायद्यातला पाया आपल्या शेजारी घातला गेला आहे. गोंदियाहून बल्लारशाच्या गाडीत बसलं की अर्जुनी मोरगाव मागे पडल्यावर वडसा येतं. देसाईगंज तेच. २६ मार्च १९७२ च्या रात्री तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर, जी चौदा ते सोळा वर्षांची मजूर होती, दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. ती ठाण्यात का होती? तिचं एका मुलावर प्रेम होतं, दोघांना लग्न करायचं होतं, आणि भावाने तिला पळवून नेल्याची तक्रार दिली होती. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये, तिला शरीरसंबंधाची सवय होती असं म्हणत, आरोपींना सोडलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली. धाकापुढे निमूट राहणं म्हणजे संमती नव्हे हे त्या निकालाने धरलं होतं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणून विरोध नव्हता असं मानलं. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि त्या मुलीच्या नावाने मथुरा प्रकरण देशभर गाजलं. १९८३ ला कायदा बदलला. २०१३ ला त्यात संमतीची व्याख्या आली: शब्दांतून, खुणांतून किंवा वागण्यातून निःसंदिग्धपणे, स्वेच्छेने दिलेली तयारी, आणि केवळ विरोध केला नाही एवढ्यावरून संमती धरता येणार नाही. आज तेच न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये आहे.

मी हे प्रकरण इतक्या विस्ताराने सांगितलं, कारण त्यातल्या दोन्ही चुका आजही आपल्या घरांत बोलल्या जातात. एक म्हणजे, ती एकाशी बोलते म्हणून कुणाशीही बोलेल, एकासोबत फिरली म्हणून सगळ्यांसाठी मोकळी झाली. दुसरी म्हणजे, ‘ओरडली का नाही?’ स्टॉकहोममधल्या बलात्कारपीडितांच्या तातडीच्या उपचार केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे ७० टक्के जणींनी सांगितलं, की त्या वेळी शरीर थिजलं, हलता येईना, आवाज निघेना. हे मेंदूचं भीतीपुढचं उत्तर आहे, त्यात मनाची निवड नसते. निपचित पडलेलं शरीर होकार देत नसतं. मोहाच्या दारूच्या किंवा कोणत्याही नशेत, आपण कशाला होकार देतो आहोत हे कळत नसलेल्या स्त्रीचा होकारही कायद्यापुढे होकार ठरत नाही.

कामाच्या जागेवर ही गोष्ट आणखी अवघड होते. दवाखान्यातली परिचारिका, कापडाच्या दुकानातली मुलगी, बँकेच्या खिडकीमागची ताई, दारोदार फिरणारी आशा सेविका: यांचं हसून बोलणं हा कामाचा भाग आहे. आणि राईस मिलमधल्या बाईला मुकादमाच्या विनोदावर हसावंच लागतं, उद्याची हजेरी त्याच्या हातात असते. जोनाथन कुन्स्टमन आणि जॉन मेनर यांनी २०११ मध्ये प्रयोगांतून दाखवलं, की अधिकार हाती आला की माणसाला हाताखालच्यांच्या वागण्यात नसलेली आवड दिसू लागते. ज्याच्या हातात दुसरीची मजुरी, गुण, रजा किंवा बदली आहे त्याने तिच्याशी या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती बंधनकारक आहे. त्याहून लहान दुकानं आणि घरकाम करणाऱ्या बायांसाठी, तसंच तक्रार मालकाविरुद्धच असेल तर, जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. लिहिता येत नसेल तर समितीने मदत करायची असते.

अकरावी-बारावीच्या मुलांसाठी एक कठोर गोष्ट. अठरा वर्षांखालच्या व्यक्तीची शरीरसंबंधाला संमती पोक्सो कायदा ओळखतच नाही. दोघांचं प्रेम खरं असलं, ती स्वतः घरून निघून आली असली, तरी वडिलांच्या तक्रारीनंतर मुलावर गुन्हा दाखल होतो. याबद्दल कुणाचं काहीही मत असो, आज कायदा हा आहे, आणि शाळेने तो मुलांना सातारा-सांगलीच्या नव्हे, आपल्याच तालुक्यातल्या भाषेत समजावून सांगायला हवा. खाजगी फोटो मागणं, मिळालेला पुढे पाठवणं हेही गुन्हे आहेत. पाठवणारा ‘मित्रालाच दाखवला’ म्हणून सुटत नाही.

बघणाऱ्यांचं काम माझ्या मते सर्वांत कमी शिकवलं जातं. सडक अर्जुनीहून गोंदियाला जाणाऱ्या एसटीत एक माणूस शाळेच्या मुलीला चिकटतो आहे. भांडण करायची हिंमत प्रत्येकात नसते आणि तशी गरजही नाही. तिलाच हाक मारा: ‘अगं बाई, तू वर्माजींच्या वर्गातली ना? ये, इथे बस.’ ओळख नसली तरी चालते, ती समजून घेते. कंडक्टरला सांगा. रेल्वेगाडीत असाल तर १३९ वर फोन करा. आणि आपलाच दोस्त वाहवत चालला असेल तर त्याला नंतर समज देऊ नका, तिथल्या तिथे खांद्यावर हात टाकून बाजूला न्या. अनोळखी माणसाच्या बोलण्याने तो चिडेल, तुमच्या बोलण्याने थांबेल. मंडईत, लग्नाच्या वरातीत, दारू झालेल्या घोळक्यात असा एक जण शुद्धीवर असला तर पुष्कळ काही टळतं.

मुलींना सांगायचं ते थोडकं आहे, कारण जे घडतं त्याची जबाबदारी तुमची नाही. पोटात कसंतरी झालं तर त्यावर विश्वास ठेवा, कारण शोधत बसू नका. स्पष्ट बोलणं सुरक्षित वाटत असेल तिथे एक वाक्य पुरतं: ‘मला बोलायचं नाही, पुन्हा फोन करू नका.’ माफी नको, खुलासा नको. ते मेसेजमधून लिहिलंत तर अनिच्छा दाखवल्याचा पुरावाही राहतो. त्याचे मेसेज रागाने पुसून टाकू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा. सुरक्षित वाटत नसेल तर तिथे खोटं बोला, हसा, मैत्रिणीला फोन लावा, निघा. जीव सांभाळायला गोड बोललात म्हणून तुम्ही होकार दिला असं होत नाही.

आणि आई-वडिलांनो, मुली घरी सांगत नाहीत त्याचं कारण बहुतेक वेळा तुम्हीच असता. सांगितलं तर फोन काढून घेतील, कॉलेज बंद करतील, घाईने लग्न लावतील, हे तिला ठाऊक असतं. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या बसने मुली आठवी ते बारावीपर्यंत तालुक्याला जाऊन शिकू लागल्या आहेत. त्यांना घरी बसवून तुम्ही त्रास देणाऱ्याचं काम पूर्ण करता. ती बोलली की आधी ऐका. ‘तू तिथे कशाला गेली होतीस’ हा प्रश्न गिळून टाका. तिचं शिक्षण थांबणार नाही हे त्याच बैठकीत सांगा. मुलग्याच्या घरच्यांनी तक्रार आल्यावर ‘पोरगा आहे, वय आहे’ म्हणू नये. त्याला समोर बसवून त्याचे मेसेज त्यालाच वाचायला लावावेत.

तातडीला ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. घटना कोणत्याही हद्दीत घडलेली असो, जवळच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. बसमधला प्रकार तिरोड्याच्या हद्दीत घडला म्हणून गोंदियाच्या ठाण्याला तक्रारदाराला परत पाठवता येत नाही. जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. लैंगिक हल्ला झाला असेल तर सरकारी असो वा खाजगी, रुग्णालयाने पहिले उपचार मोफत द्यायचे असतात. शक्यतो तपासणीआधी आंघोळ करू नये आणि कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत. आंघोळ झाली असली तरी जायचं टाळू नये. जाताना तारीख, वेळ, जागा, कोण कोण हजर होतं हे एका कागदावर लिहून न्या, म्हणजे घाबरलेल्या मुलीला तेच ते पुन्हा सांगावं लागत नाही. नोंदवलेल्या गुन्ह्याची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. ती मागून घ्या आणि तिचा फोटो घरातल्या आणखी एकाच्या फोनवर ठेवा.